आईचा पीसीपी डॉक्टर असावा की नर्स प्रॅक्टिशनर? दोन्हीकडे राहून झालेला हिशेब

गेल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीच्या तीन घरांतून मला एकाच कारणासाठी फोन आला. आई किंवा वडील ग्रीन कार्डावर इकडे अमेरिकेत राहायला आलेत, इन्शुरन्स झालाय आणि आता पीसीपी, म्हणजे नेहमीच्या तब्येतीसाठी आधी ज्यांच्याकडे जायचं ते, निवडायचे आहेत. क्लिनिकच्या साइटवर डॉक्टरांच्या नावापुढे पहिली मोकळी तारीख सात आठवड्यांनंतरची, आणि त्याच क्लिनिकमधल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपी, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणारी, औषध लिहिणारी नर्स) नावापुढे येत्या गुरुवारची. मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "एनपीकडे टाकलं तर आईची हेळसांड तर नाही ना होणार?"

प्रश्न रास्त आहे. मलाही तो पडला होता आणि तेव्हा मी डॉक्टर निवडले होते. आम्ही सिएटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये राहतो. आई ७१ वर्षांची, मधुमेह पंधरा वर्षांचा, बीपी त्याहून जुनं. पहिलं वर्ष ती एका फॅमिली फिजिशियनकडे होती, त्यानंतरचं दीड वर्ष एनपीकडे आहे. या अडीच वर्षांतला प्रत्येक ईओबी (इन्शुरन्सने किती भरलं आणि आपण किती भरायचं हे सांगणारा कागद) आणि प्रत्येक बिल मी एका फाइलमध्ये लावून ठेवलंय. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. पुढे जे लिहितोय ते त्या फाइलवरून, थोडं वाचलंय त्यावरून, आणि आईला ने-आण करताना डोळ्यांनी पाहिलं त्यावरून. तुमच्या घरी चित्र वेगळं असू शकतं.

एनपी कोण, काय शिकते, औषध लिहू शकते का, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. फक्त घरच्या ज्येष्ठांना समजावताना जी अडचण येते तिच्याबद्दल दोन शब्द. आईच्या कानाला 'नर्स' म्हणजे वॉर्डातली सिस्टर. "सिस्टर कशी काय औषध लिहून देणार?" हा तिचा पहिला प्रश्न. मी तिला वाईजवळच्या तिच्या माहेरच्या गावाचं उदाहरण दिलं. तिथल्या उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय आणि तिथे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर बसतात, बीपी-शुगर बघून ठरलेल्या गोळ्या देतात. महाराष्ट्रात या जागांवर बीएएमएस झालेले आहेत, तसेच बीएस्सी नर्सिंग करून वर सहा महिन्यांचा कोर्स केलेलेही. मावशीची बीपीची गोळी तिथूनच येते. इथल्या एनपीचं शिक्षण आणि अधिकार त्याहून पुष्कळ जास्त, पण "मावशीच्या गावातल्या त्या ताईंसारख्याच, फक्त जास्त शिकलेल्या" म्हटल्यावर आईच्या मनातली अढी बरीच सैल झाली.

स्वस्त, पण कोणाला?

"एनपी स्वस्त पडते" हे सगळीकडे ऐकू येतं. खरं आहे, पण ते बहुतेक वेळा तुमच्या-माझ्या खिशाबद्दल नसतं. १९९८ पासून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी इन्शुरन्स, एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देते. पुष्कळ खाजगी इन्शुरन्स कंपन्यांनीही कमी दराचा तोच पायंडा धरला. शेजारच्या ओरेगॉनने २०१३ मध्ये कायदा करून प्रायमरी केअरसाठी दोघांना सारखा दर लावला, म्हणजे तिथे हा फरक तेवढाही उरला नाही. तुमच्या प्लॅनमध्ये ठरलेला को-पे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) असेल तर तो सहसा दोन्हीकडे सारखाच. आमचा प्लॅन राज्याच्या मार्केटप्लेसवरचा (सरकारी साइटवरून घेतलेला), मोठ्या डिडक्टिबलचा (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम), म्हणून आम्हाला फरक दिसला: साध्या फॉलो-अपला वीस-पंचवीस डॉलर. वर्षाचे झाले शंभर-सव्वाशे. एवढ्यासाठी कोणी आईचा डॉक्टर बदलू नये.

शिवाय काही ठिकाणी तपासते एनपी आणि बिल जातं डॉक्टरच्या नावावर, पूर्ण दराने. मेडिकेअरच्या नियमांत त्यासाठी 'इन्सिडेंट टू' नावाची सोय आहे. अमेरिकी संसदेला, काँग्रेसला, मेडिकेअरबद्दल सल्ला देणाऱ्या मेडपॅकने २०१९ मध्ये ती बंद करावी अशी शिफारस केली होती. तेव्हा ईओबीवर नाव कोणाचं आहे ते एकदा बघून घ्या.

माझ्या फाइलमध्ये पैसे वाचलेले दिसतात ते व्हिजिटच्या ओळीत नाहीत. ते दुसऱ्याच ओळीत आहेत, तिकडे येतोच.

डॉक्टरांबद्दल आधी

ज्या डॉक्टरांकडे आई वर्षभर होती त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो लिहून ठेवायला हवा. पहिल्याच भेटीत त्यांनी आईच्या गळ्यावरून बोटं फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली आणि म्हणाले, थायरॉइडला गाठ वाटते, सोनोग्राफी करून घेऊ. गाठ निघाली, सुदैवाने निरुपद्रवी. भारतात इतक्या वर्षांत कोणाच्या हाताला ती लागली नव्हती. चार वर्षं मेडिकल स्कूल आणि वर तीन वर्षं रेसिडेन्सी केलेल्या माणसाची बोटं हजारो गळ्यांवरून फिरलेली असतात. एनपीच्या अभ्यासक्रमात पेशंटसमोरचे बंधनकारक तास कितीतरी कमी. वर्षानुवर्षं किमान ५०० तासांची अट होती, नव्या निकषांत ती ७५० झाली. त्याआधी नर्स म्हणून वॉर्डात काढलेली वर्षं वेगळी धरायची, पण ती प्रत्येकीची सारखी नसतात. ज्ञानाची खोली हा एकच निकष असेल तर तराजू डॉक्टरकडे झुकतो, यात मला शंका नाही.

मग आम्ही का हललो? एका वाक्यामुळे. 'नवीन तक्रार असल्यास कृपया अपॉइंटमेंट घ्या.'

वर्षभरात मी क्लिनिकच्या पोर्टलवर (पेशंटसाठीच्या साइटवर) नऊ मेसेज पाठवले होते, त्यांतल्या सातांना हे उत्तर आलं. मेसेज डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नसावेत, मधेच कोणीतरी चाळत असावं. फोन केला तर वीस मिनिटं होल्ड, मग ट्रायाज लाइनवर, म्हणजे तक्रार किती तातडीची ते ठरवणाऱ्या फोनवर, अनोळखी आवाज, आणि शेवटी "जास्त वाटलं तर अर्जंट केअरला जा." म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय बघणाऱ्या दवाखान्यात. अपॉइंटमेंट मागितली तर पाच आठवड्यांनंतरची. आईच्या वयात पाच आठवडे थांबण्यासारख्या तक्रारी फार थोड्या असतात आणि ९११ हा इमर्जन्सीचा नंबर लावण्यासारख्याही थोड्याच. बाकीच्या सगळ्या मधल्या. त्या मधल्या तक्रारींना त्या क्लिनिकमध्ये दारच नव्हतं.

मार्चमध्ये आईचं बीपी चढं राहिलं म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम केली. त्यांच्यासमोर जे आकडे होते त्यावर निर्णय बरोबरच होता. तीन आठवड्यांनी आईचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटायचे, मग सकाळीही चपलेचा पट्टा लागेना. घोट्यापाशी बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. सोमवारी फोटोसकट मेसेज टाकला. बुधवारी तेच वाक्य आलं. शनिवारी डावा पाय उजव्यापेक्षा जाड दिसायला लागला आणि आम्ही घाबरून अर्जंट केअर गाठलं. तिथे आईला आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाने जे करायला हवं तेच केलं: पायात रक्ताची गुठळी तर नाही ना, म्हणून ईआरला, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, पाठवलं. ईआरमध्ये सहा तास, पायाची सोनोग्राफी, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या. सगळं ठीक. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ: तुमच्या पीसीपीला भेटा.

पीसीपीची तारीख अजून साडेतीन आठवडे लांब होती. त्या शनिवारचे आमच्या वाट्याला १,९०० डॉलर आले. इन्शुरन्सने भरले ते वेगळेच.

यात चूक कोणाची असं मला बोट दाखवता येत नाही. डॉक्टरांच्या मागे हजार-दोन हजार पेशंट, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, त्यांतली पाच संगणकात टंकण्यात जाणार. पण ते वाक्य मला त्या दिवशी शेवटचं वाचायचं होतं. रविवारी रात्री मी त्याच भागातल्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये एनपीची पहिली मोकळी तारीख घेतली. गुरुवारची.

पिशवी

बुधवारी तिकडून फोन आला. आई दिवसभरात जे जे तोंडात टाकते ते सगळं एका पिशवीत भरून आणा, म्हणाले. बाटल्या, पुड्या, चूर्ण, डोळ्यांचे थेंबसुद्धा. लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या एका कापडी पिशवीत आम्ही सगळं भरलं.

एनपी बाईंनी ती पिशवी टेबलावर ओतली. मधुमेहाची मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची गोळी, त्रिफळा चूर्णाचा डबा, मेथीची पावडर, आणि रबर बँड लावलेला एक गठ्ठा, भारतातून आणलेल्या स्ट्रिप्सचा. बाईंनी रबर बँड काढला आणि एकेक स्ट्रिप दिव्याखाली तिरकी धरून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. तिसऱ्या स्ट्रिपवर थांबल्या. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५, बीपीच्या दोन औषधांची एकत्र गोळी. आईला विचारायला सांगितलं, ही कधी घेता?

"सकाळी," आई म्हणाली. "ती आपली नेहमीची आहे, वाईच्या डॉक्टरांची. इकडची रात्री घेते."

म्हणजे सकाळी ५ आणि रात्री १०. अ‍ॅम्लोडिपिनची रोजची कमाल मात्रा सहसा १० धरतात, आई १५ घेत होती. पाय सुजणं हा त्या गोळीचा ठाऊक असलेला त्रास आहे आणि मात्रा वाढली की तो वाढतो. मी त्याच घरात राहतो, दर रविवारी आठवड्याच्या डबीत गोळ्या मीच भरत होतो. पण त्या डबीत इकडच्या बाटल्यांतल्याच गोळ्या असायच्या. गठ्ठा आईच्या कपाटात होता आणि तो कोणी विचारलाच नव्हता.

बाईंनी भारतातली स्ट्रिप बंद केली, अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणली, जोडीला बीपीचीच दुसरी गोळी, लोसार्टन, सुरू केली आणि दहा दिवसांनी किडनी व पोटॅशियमची तपासणी लिहून दिली. दोन आठवड्यांत आईच्या पायात जुन्या चपला बसायला लागल्या. मधे एकदा आईचे बीपीचे आकडे मी पोर्टलवर टाकले, तर उत्तर त्याच संध्याकाळी आलं आणि ते बाईंनी स्वतः लिहिलेलं होतं.

पहिल्या डॉक्टरांना हे सापडलं नसतं का? चाळीस मिनिटं मिळाली असती तर नक्की सापडलं असतं, कदाचित अधिक लवकर. पण ती चाळीस मिनिटं मिळतात कुठून, हाच तर खर्चाचा प्रश्न आहे. सरकारी आकडेवारीत २०२३ साली एनपीचा मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख २६ हजार डॉलर होता, फॅमिली फिजिशियनचा २ लाखांच्या बराच वर. क्लिनिकला एनपीचा एक तास स्वस्त पडतो, म्हणून तो तास पेशंटला देणं परवडतं. मला वाटतं, एनपीच्या स्वस्त असण्याचा घरापर्यंत पोहोचणारा फायदा तो हाच.

तिसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट झाली. बाई मला म्हणाल्या, आज फोनवर मराठी दुभाषी घेऊ या, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा. सरकारी पैसा घेणाऱ्या क्लिनिकना अशी सोय मोफत द्यावीच लागते, आपण मागत नाही एवढंच. मला जरा लागलं. मी असताना दुभाषी कशाला? बाहेर आल्यावर कळलं की आई संध्याकाळची मेटफॉर्मिन आठवड्यातून तीन-चार दिवस घेतच नव्हती, पोट बिघडतं म्हणून. मला सांगितलं असतं तर मी रागावलो असतो, असं तिचं म्हणणं. गोळी बदलून हळूहळू विरघळणारी दिली, आणि पुढच्या एवनसीत (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत) फरक दिसला.

अभ्यास काय म्हणतात

एका आईवरून निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं, म्हणून थोडं वाचलं. हे काही नवीन खूळ नाही. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला एनपी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी मेडिकेअरचा कायदा झाला, पेशंट वाढणार होते आणि खेड्यापाड्यांत डॉक्टर पुरत नव्हते.

मला सगळ्यात बोलका वाटला तो कॅनडातल्या बर्लिंग्टनचा प्रयोग, १९७४ मध्ये छापून आलेला. कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली, काही नेहमीच्या डॉक्टरांकडे, काही मुख्यतः एनपीकडे. तब्येतीत, रोजच्या हालचालीत, समाधानात फरक आढळला नाही. नर्सकडे झालेल्या भेटींपैकी ६७ टक्के डॉक्टरला न विचारता पार पडल्या. आणि पैशांचं? समाजाच्या दृष्टीने पद्धत किफायतशीर ठरली, पण त्या दवाखान्याच्या डॉक्टरांना ती परवडली नाही, कारण नर्सच्या कामाचं बिल लावायला तेव्हाच्या नियमांत पुरती मुभा नव्हती. वाचवणारा एक आणि झळ सोसणारा दुसरा, हे कोडं पन्नास वर्षांपूर्वीच नीट मांडलेलं आहे. ८५ टक्क्यांचा वाद म्हणजे त्याचंच पुढचं पान.

२००० साली जामा या नियतकालिकात न्यूयॉर्कमधल्या १,३१६ पेशंटांचा अभ्यास आला. तोही चिठ्ठ्या टाकूनच केलेला, आणि यातल्या एनपींना डॉक्टरांइतकेच अधिकार होते. सहा महिन्यांनंतर मधुमेह आणि दमा दोन्हीकडे सारखेच आटोक्यात, बीपीचा खालचा आकडा एनपीकडे किंचित चांगला, ८२ विरुद्ध ८५. सहा महिने हा काळ थोडा आहे, हे मान्य. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने असे अठरा अभ्यास एकत्र पाहिले. नर्सकडे पेशंट थोडे अधिक समाधानी, भेटी जास्त वेळाच्या, परत येण्याचं प्रमाण किंचित जास्त, तब्येतीचे निकाल सारखे किंवा थोडे बरे. खर्चाबद्दल मात्र त्यांनी ठाम काही सांगितलं नाही.

आता उलट बाजू, आणि ती वगळून निर्णय घेऊ नका. माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या व्हीए यंत्रणेत २०१६ च्या अखेरीस एनपींना स्वतंत्र अधिकार मिळाले. तिथल्या ईआरचा अभ्यास दोन अर्थतज्ज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. एनपीने बघितलेले पेशंट ईआरमध्ये ११ टक्के जास्त वेळ राहिले आणि टाळता येण्याजोगं भरती होणं २० टक्क्यांनी वाढलं. तिथे कमी पगाराचा फायदा वाढत्या खर्चाने खाऊन टाकला. त्याच अभ्यासात हेही आहे की दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा डॉक्टर-डॉक्टरमधला आणि एनपी-एनपीमधला फरक कितीतरी मोठा होता. मी त्यातून एवढं घेतलं: ईआरमध्ये, जिथे समोर काय वाढून ठेवलंय ते माहीत नसतं आणि निर्णय लगेच हवा असतो, तिथे डॉक्टरच हवा. आणि एनपी निवडायची तर पदवीपेक्षा व्यक्ती निवडायची.

आमच्याकडेही एक खर्च वाया गेला. आईच्या पाठीवरचा काळा डाग बघून बाईंनी स्किनच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. २६० डॉलर, आणि निदान 'वयाचे डाग'. पहिल्या डॉक्टरांनी बहुधा बघूनच सांगितलं असतं. दुसरीकडे, इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं म्हणून त्यांनी तपासलं आणि ते खरोखर कमी निघालं. आईच्या तळपायांच्या मुंग्या आम्ही सगळे मधुमेहाच्या माथी मारत होतो.

फाइलमधली ती ओळ

डॉक्टरांच्या वर्षात आईच्या चार भेटी, अर्जंट केअर तीनदा, ईआर एकदा. एनपीच्या पहिल्या पूर्ण वर्षात भेटी सात, त्यांतल्या दोन व्हिडिओवर, अर्जंट केअर एकदा, ईआर शून्य. भेटींवर आमचा खर्च वाढला आणि एकूण खर्च निम्म्याच्याही खाली आला. योगायोगही असेल. ते एक शनिवार वगळलं तरी एनपीचं वर्ष थोडं स्वस्तच पडतं, पण मग फरक मोठा उरत नाही. मी मात्र ते शनिवार वगळू शकत नाही, कारण ते त्या वाक्यातूनच आलेलं होतं.

निवडताना तुमचं राज्य बघा. वॉशिंग्टनमध्ये एनपी पूर्ण स्वतंत्र आहे, निम्म्याहून अधिक राज्यांत आता असंच आहे. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियात २०२० च्या कायद्यानंतर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळते आहे. जिथे करार लागतो तिथे मागे कोण डॉक्टर आहेत, ते त्याच इमारतीत बसतात का, एवढं फ्रंट डेस्कला विचारून ठेवा. एनपी होण्याआधी बाईंनी नर्स म्हणून किती वर्षं आणि कुठल्या विभागात काम केलं, हेही विचारा, राग येत नाही कोणाला. आमच्या बाई अकरा वर्षं हृदयरोगाच्या वॉर्डात होत्या आणि माझ्या मते त्या अकरा वर्षांनीच ती स्ट्रिप तिरकी धरली. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोर्टलवरचे मेसेज स्वतः वाचता का? या एका प्रश्नाच्या उत्तरावर मी आज निर्णय घेईन, समोर डॉक्टर असोत की एनपी.

माझे सासरे याच गावात, माझ्या मेहुण्याकडे राहतात. त्यांना किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे, हृदयाचं पंपिंग कमी आहे, चौदा औषधं चालू आहेत. त्यांना आम्ही इंटर्निस्टकडेच, म्हणजे मोठ्यांच्या आजारांच्या डॉक्टरकडेच, ठेवलंय आणि तिथून हलवायचा विचारही नाही. एवढे धागे एकमेकांत अडकलेले असले की वाट बघावी लागली तरी डॉक्टर बरा.

फोन आलेल्या तीन घरांना मी काय सांगितलं ते लिहून थांबतो. पहिल्या घरी आईला फक्त बीपी आणि थायरॉइड, दोन्ही आटोक्यात. त्यांना म्हटलं, एनपी घ्या, दुसरा विचार करू नका. दुसऱ्या घरी वडिलांना मधुमेह आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट. त्यांना सांगितलं, कार्डिऑलॉजिस्ट वेगळे आहेतच, रोजच्या देखरेखीला एनपी चालेल, फक्त मागे डॉक्टर असलेलं क्लिनिक बघा. तिसऱ्या घरी वडिलांचं वजन चार महिन्यांत नऊ किलो उतरलंय आणि कारण माहीत नाही. तिथे मी डॉक्टरच म्हटलं, सात आठवड्यांनंतरची तारीख आजच घेऊन ठेवा. पण येत्या गुरुवारची एनपीची तारीख सोडू नका. जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, रक्ताच्या तपासण्या आणि लागलं तर स्कॅन त्यांच्याकडून लावून घ्या, म्हणजे डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हातात रिपोर्ट असतील. आणि रिपोर्टमध्ये काही दिसलं, तर सात आठवड्यांची तारीख अलीकडे ओढून आणण्यासाठी डॉक्टरांना आतून फोन करणारं कोणीतरी तोवर तुमच्या बाजूला असेल.